हजेरीपटापासून मतदारयादीपर्यंत

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या आठवणी निघाल्या की घंटा, खडू, डबा, मैदान, क्वचित छडी यांची नावे हटकून निघतात. हजेरीपटाची आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही. वास्तविक शाळेतला प्रत्येक दिवस त्याच्यापासूनच सुरू होतो. घरी ज्याला बाळ्या किंवा छकुली म्हणून हाक मारतात, त्या मुलाचे संपूर्ण नाव आडनावासह चारचौघांत प्रथम उच्चारले जाते ते हजेरी घेताना. वकिलांच्या मुलाला दोन ओळी आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीला अर्धी, असा भेद त्या पटात नसतो. प्रत्येकाला एक ओळ, एक क्रमांक. नाव पुकारले की मूल 'हजर' म्हणते आणि त्याच्या नावापुढे खूण होते. आपण इथे आहोत, मोजले जात आहोत आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाइतकेच मोजले जात आहोत, हे मुलाला न सांगता कळते. नागरिकत्वाचा हा पहिला धडा होय.

या धड्याचे पुढे काय होते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उपस्थितांपैकी बहुतेकांनी नागरिकशास्त्र शाळेत शिकलेले आहे. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेली ती थोडी पाने. शिवकाल आणि स्वातंत्र्यलढा संपता संपता वर्ष संपत येई आणि मग ग्रामपंचायत, नगरपालिका, संसद यांच्यावरून घाईघाईने हात फिरवला जाई. 'टिपा लिहा' आणि 'कारणे द्या' यांची उत्तरे पाठ होत. परिणाम असा की राज्यसभेचा सदस्य होण्यास किती वय लागते हे सांगणारा विद्यार्थी स्वतःच्या प्रभागाच्या नगरसेवकाचे नाव सांगू शकत नसे. घरीही त्याला वेगळे काही ऐकू येत नसे. "तू अभ्यासाकडे लक्ष दे, नसत्या भानगडीत पडू नकोस," हा उपदेश काळजीपोटी केलेला असतो, त्यात वाईट हेतू नसतो. पण दहा-बारा वर्षे हेच ऐकून वाढलेल्या मुलाने अठराव्या वाढदिवशी एकाएकी जाणता, निर्भय आणि जबाबदार नागरिक व्हावे अशी अपेक्षा ठेवणे कितपत न्याय्य आहे?

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 1989 सालापर्यंत भारतात मताधिकाराचे वय 21 होते. 61 व्या घटनादुरुस्तीने ते 18 वर आणले. पूर्वी शाळा आणि मतदान यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर असे. त्या अवधीत महाविद्यालय, नोकरी, व्यवसाय यांतून तरुणाला जगाचा काही अनुभव मिळे. आता बारावीचा निकाल हाती आलेला विद्यार्थी मतदार असतो किंवा लवकरच होणार असतो. म्हणजे नागरिक घडवण्याचे जे काम पूर्वी शाळेने सुरू करून पुढे सोपवायचे होते, ते आता पुष्कळसे शाळेतच पूर्ण व्हावे लागते.

या देशाने प्रौढ मताधिकार स्वीकारला तेव्हा त्यामागे किती मोठा विश्वास होता, हे मुलांना आकड्यांनिशी सांगितले पाहिजे. इंग्रजी अमदानीत मत देण्यासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांची अट असे. 1951 च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सुमारे 18 टक्के भरले. अशा देशात मतदारांची संख्या होती 17 कोटींहून अधिक. वाचता न येणाऱ्यांसाठी निवडणूक चिन्हे ठरली, प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली गेली. हिमाचलमधील किन्नौर भागात पुढे बर्फाने वाटा बंद होणार, म्हणून तेथील मतदान इतर देशाच्या आधी, 25 ऑक्टोबर 1951 रोजी झाले. चिनी, म्हणजे आजच्या कल्पा या गावी त्या दिवशी पहाटेच मतदान केंद्रावर पोहोचलेले श्यामसरन नेगी हे स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले जातात. ते पेशाने शाळामास्तर होते. पुढे सात दशके त्यांनी मतदान चुकवले नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये, वयाची 105 वर्षे उलटून गेल्यावर, त्यांनी घरूनच टपाली मत दिले आणि त्यानंतर तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. एका शिक्षकाने सत्तर वर्षे घेतलेला हा नागरिकशास्त्राचा तास होता, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

त्याच पहिल्या निवडणुकीची दुसरी बाजूही मुलांपुढे यायला हवी. मतदारयाद्या तयार करणारे कर्मचारी घरोघर फिरू लागले तेव्हा उत्तर भारतातील असंख्य स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. कोणी 'अमक्याची आई' अशी नोंद केली, कोणी 'तमक्याची बायको'. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे पेच पडला. मताचा अधिकार व्यक्तीला असतो, नात्याला नसतो. ज्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, अशा सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. 1957 च्या निवडणुकीपर्यंत ही स्थिती पुष्कळ सुधारली. परंतु ती अठ्ठावीस लाख नावे विसरण्याजोगी नाहीत. कायद्याने हक्क दिला तरी तो घेण्यासाठी माणसाला स्वतःच्या नावाने उभे राहावे लागते, आणि ती सवय नसेल तर हक्क दारावरून परत जातो. ज्या मुलीने रोज वर्गात आपले नाव ऐकून 'हजर' म्हटले आहे, तिचे नाव यादीतून असे गळणार नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर प्रथम आईचे नाव लिहिले जाते. त्या गळालेल्या नावांची थोडीशी परतफेड त्यात दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडताना एक इशारा दिला होता. संविधानिक नीतिमत्ता ही माणसाच्या ठायी उपजत नसते, ती प्रयत्नपूर्वक जोपासावी लागते आणि या देशातील लोकांना ती अजून शिकायची आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. शिकायची गोष्ट म्हटली की ती शिकवण्याची जागाही आली. घरात मूल आप्तांमध्ये असते, तिथे नियम मायेने वाकतात. जातीने, धर्माने, उत्पन्नाने आपल्याहून वेगळ्या असलेल्या माणसांसोबत एकाच नियमाखाली बसण्याचा पहिला प्रसंग मुलाला शाळेतच येतो. म्हणून ही जोपासना शाळेला टाळता येत नाही.

ती करायची कशी? याचे उत्तर देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या साध्या माणसांनी दिलेले आहे.

रोजगार हमीच्या कामावर मजुरांची नोंद होते त्या कागदालाही मराठीत हजेरीपटच म्हणतात. राजस्थानात भीमच्या परिसरात 1990 मध्ये मजूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली, ती याच कागदाच्या प्रश्नावरून पुढे आली. दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांना किमान वेतन मिळत नसे. विचारले तर उत्तर मिळे की नोंदीप्रमाणे तुमचे काम कमी भरले. मग नोंदी दाखवा म्हटले तर सांगण्यात येई की त्या गोपनीय आहेत. डिसेंबर 1994 मध्ये कोटकिराना या गावी पहिली जनसुनावणी झाली. मिळवलेले कागद गावासमोर मोठ्याने वाचण्यात आले आणि ज्यांनी त्या कामावर कधी पाऊलही ठेवले नव्हते अशांची नावे मजूर म्हणून लावलेली आढळली. एप्रिल 1996 मध्ये ब्यावर शहरात माहितीच्या हक्कासाठी चाळीस दिवसांचे धरणे झाले. गावोगावच्या लोकांनी त्यासाठी धान्य पुरवले. त्या मागणीचे पर्यवसान पुढे देशव्यापी कायद्यात झाले आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून माहितीचा अधिकार अमलात आला. त्यात भाग घेतलेल्यांपैकी पुष्कळांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांनी केलेली गोष्ट एवढीच की यादी मोठ्याने वाचायला लावली आणि जी नावे खरी नव्हती त्यांना 'गैरहजर' म्हटले.

त्या कायद्याचा उपयोग एका शाळकरी मुलीने कसा केला तेही ऐकण्यासारखे आहे. 2012 मध्ये लखनौच्या दहा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने, गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी कोणत्या आदेशाने दिली गेली, असा प्रश्न अर्जाद्वारे विचारला. तो अर्ज पंतप्रधान कार्यालयातून गृहमंत्रालयाकडे आणि तेथून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेला. अशा आदेशाचा कागद उपलब्ध नाही, असे उत्तर तिला मिळाले. उत्तर काय आले यापेक्षा एका मुलीच्या प्रश्नासाठी दिल्लीतील तीन कार्यालयांना दप्तर उघडावे लागले, याला महत्त्व आहे.

कर्नाटकातील कुंदापूर तालुक्यात 1995 पासून मुलांच्या पंचायती भरू लागल्या. त्यात शाळेत जाणारी मुले होती, तशीच कामावर जाणारीही होती. पुढे त्या राज्याच्या शासनाने ग्रामपंचायतींना दरवर्षी मुलांची ग्रामसभा भरवण्यास सांगितले. त्या सभांत मुले मोठी भाषणे करीत नाहीत. शाळेत स्वच्छतागृह नाही, पाण्याचा नळ बंद आहे, बस वेळेवर येत नाही, असे प्रश्न ती मांडतात आणि पंचायतीच्या सदस्यांना त्यांना समोरासमोर उत्तर द्यावे लागते.

या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. कोणीही आधी 'आदर्श नागरिकाची लक्षणे' पाठ केली नव्हती. एक छोटे सार्वजनिक काम हाती घेतले, त्यासाठी प्रश्न विचारला, नोंद ठेवली आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा केला. पोहणे जसे पाण्यात उतरूनच येते, तसे नागरिकत्व वागूनच अंगी येते.

शाळेत हे करण्यासाठी खर्च लागत नाही. वर्गाचा मॉनिटर शिक्षकांनी नेमण्याऐवजी गुप्त मतदानाने निवडावा. चिठ्ठ्या मुलांनी मोजाव्यात, निकाल फळ्यावर लिहावा आणि हरलेल्या विद्यार्थ्याने जिंकलेल्याच्या हाताखाली काम करावे. पराभव पचवणे हा लोकशाहीतला सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी शिकवला जाणारा धडा आहे. विद्यार्थी सभेचे इतिवृत्त मुलांनी लिहावे आणि पुढच्या सभेत ते वाचून कायम करावे. कोण काय बोलले हे न बदलता लिहिणे हा सत्याचा मोठा सराव आहे. वादविवाद स्पर्धेत एकाच विद्यार्थ्याला आज विषयाच्या बाजूने आणि पुढच्या खेपेला विरुद्ध बोलायला लावावे, म्हणजे विरोधक हा शत्रू नसतो हे आपोआप उमगते. स्नेहसंमेलनाचा जमाखर्च मुलांनी मांडून सूचनाफलकावर लावावा.

शाळेच्या फाटकासमोर पदपथाची फरशी फुटलेली आहे असे समजा. नेहमीची रीत अशी की मुख्याध्यापक दूरध्वनी करतात, फरशी बसते किंवा बसत नाही आणि मुलांना काहीच कळत नाही. त्याऐवजी आठवीच्या वर्गाने खड्डा मोजावा, हे काम कोणत्या विभागाकडे येते ते शोधावे, विनंतीअर्ज लिहावा, कार्यालयात नेऊन द्यावा आणि पोच घेऊन आवक क्रमांक टिपून ठेवावा. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्यावे. फरशी बसली तर आभाराचे पत्र लिहावे. नाही बसली तर अडले कुठे ते विचारावे. एवढ्यात अर्जलेखन झाले, मोजमाप झाले आणि शासनयंत्रणा कशी चालते याची ओळखही झाली. संतापून रस्त्यावर उतरणे आणि हताश होऊन घरी बसणे यांच्यामध्ये एक लांब, कंटाळवाणा पण फलदायी रस्ता असतो, हे त्या मुलांना कायमचे समजले.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती शाळांना आणि घरांना थोडी जड जाणारी आहे. प्रश्न विचारायला शिकलेले मूल पहिला प्रश्न महापालिकेला विचारत नाही. ते आपल्या शाळेला विचारते. संमेलनाच्या वर्गणीतून उरलेले पैसे कुठे गेले? मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी का नाही? उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा होते, शिक्षक उशिरा आले तर काय? असे प्रश्न कानाला टोचतात. 'उलट बोलतो' असा शेरा मारून ते संपवणे सोपे असते. पण ज्या शाळेला असा प्रश्न सोसवत नाही, तिने नागरिकशास्त्राचा तास घेतला तरी मुले त्यातून एकच गोष्ट शिकतात: पुस्तकात एक असते आणि वागायचे दुसरे असते. तोच तिढा पुढे देशाच्या कारभारात दिसतो. म्हणून प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा हे शिक्षकांनी अवश्य शिकवावे. प्रश्न विचारूच नये असे शिकवू नये. आणि उत्तर द्यावे. उत्तर लाजिरवाणे असेल तर तेही द्यावे. चूक मान्य करणारे मोठे माणूस पाहणे हा मुलाच्या शिक्षणाचा भाग आहे.

पालकांनो, राज्यघटनेच्या 51 क या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये दिली आहेत. 1976 च्या दुरुस्तीने ती आली तेव्हा दहा होती. 2002 मध्ये अकरावे कर्तव्य जोडले गेले, आणि ते थेट आपल्याला उद्देशून आहे: सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी मिळवून देणे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांसाठी व्यवस्थापन समितीची तरतूद केली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. या समितीच्या सभेला आई नेमाने जाते, बोलते, सही करण्याआधी कागद वाचते, हे पाहणाऱ्या मुलीला वेगळे नागरिकशास्त्र लागत नाही. उलट, मतदानाच्या सुटीला जोडून सहलीचा बेत आखणाऱ्या घरात, किंवा पावतीशिवाय दोन पैसे कमी पडतात म्हणून बिल न घेणाऱ्या घरात, शाळेने शिकवलेले टिकणे कठीण असते.

माजी विद्यार्थ्यांकडून शाळेला देणग्या मिळतात आणि त्यांचे मोल आहेच. तथापि आणखी एक देणगी मागण्यासारखी आहे. जे अभियंते आहेत त्यांनी एखादा तास येऊन रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक कसे वाचावे ते मुलांना दाखवावे. जे शासकीय कार्यालयात आहेत त्यांनी फाइल कोणकोणत्या टेबलांवरून जाते आणि कुठे थांबते ते सांगावे. वकिलांनी माहितीचा अर्ज कसा लिहावा ते शिकवावे. मराठी माणूस देशात जिथे जिथे गेला, तिथे त्याने मंडळ काढले, ग्रंथालय काढले, पुष्कळ ठिकाणी शाळा काढली. हातात पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरला आणि वर्षाअखेरीस सभेपुढे हिशेब ठेवला. तो हिशेब ठेवण्याचा संस्कार पुढच्या पिढीला द्यायला माजी विद्यार्थ्यांइतके योग्य कोणी नाही.

सभागृहात आज अकरावी-बारावीचे काही विद्यार्थीही बसले आहेत. त्यांच्यासाठी एक व्यवहाराची सूचना. वयाची सतरा वर्षे पूर्ण होताच मतदार नोंदणीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. त्याचा नमुना क्रमांक 6 आहे. अर्हतेच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. अर्ज भरताना नाव स्वतः लिहावे आणि यादी प्रसिद्ध झाल्यावर ते त्यात आहे की नाही हे स्वतः पाहावे. त्यानंतर घरातल्या आजीचे, आईचे आणि कामाला येणाऱ्या मावशींचे नाव आहे का, तेही पाहावे. स्वतःचे नाव शोधणारा मतदार असतो. दुसऱ्याचे नाव गळलेले पाहून अस्वस्थ होणारा नागरिक असतो.

साठ वर्षांत या शाळेच्या हजेरीपटांवर कितीतरी नावे चढली. वर्ष संपले की ते पट कपाटात गेले, नावे पुसली गेली नाहीत. ग्रामसभेत, प्रभागाच्या बैठकीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत, मतदान केंद्राच्या रांगेत आजही कुठे ना कुठे ती नावे पुकारली जात असतात. तेथे 'हजर' असे स्पष्ट उत्तर येत राहावे, एवढीच हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेची आपल्या मुलांकडून अपेक्षा आहे.